इलियाम्नाच्या काठावरचा शेवटचा दिवस

अलास्कातील इलियाम्ना सरोवराकाठच्या आमच्या लॉजवर आज उन्हाळा संपला. शेवटच्या पाहुण्यांना घेऊन पाण्यावर उतरणारे छोटे विमान सकाळी उडाले आणि मागे आम्ही चौघेच उरलो. दुपारभर होड्या काठावर ओढून पालथ्या घातल्या, नळांतले पाणी काढून टाकले, कारण हिवाळ्यात ते गोठले की नळ फुटतात. ओढ्यात सॉकाय सॅल्मन मासे अंडी घालून मरत आहेत: अंग लालभडक, डोके हिरवे, शेपटी झिजून पांढरी पडलेली. ब्रिस्टल उपसागरातून क्विचाक नदीने वर चढून जन्मस्थळी परतलेल्या त्या जिवांपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. हंगामभर गळ टाकला, आज मात्र हात धजावला नाही. काठावरची बर्चची पाने पिवळी झाली आहेत.