ऐकू यावे म्हणून बांधलेली वास्तू

उत्तर लंडनच्या इस्लिंग्टन भागात कॉम्प्टन टेरेस नावाची, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांची रांग आहे, आणि त्या रांगेच्या मधोमध युनियन चॅपलचा विटांचा मनोरा वर काढलेला आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो केवळ एका मित्राकडे एक तिकीट जादा उरले होते म्हणून. इंग्रजी लोकसंगीताची मला तेव्हा फारशी ओढ नव्हती. शिवाय दगडाविटांच्या प्रार्थनामंदिरात गाणे ऐकायचे म्हणजे सगळा आवाज घुमून एकमेकांत कालवला जाणार, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत पहिल्या पंधरा मिनिटांत मोडली. गायिकेने दोन गाणी गिटारवर म्हटली, तिसऱ्या गाण्याच्या वेळी गिटार बाजूला ठेवली, मायक्रोफोनपासून दोन पावले मागे सरकली आणि कसल्याही साथीशिवाय एक लांबलचक कथागीत म्हणायला सुरुवात केली. समुद्रावर गेलेला खलाशी, किनाऱ्यावर वाट पाहणारी मुलगी, मधे सरलेली सात वर्षे, अशी ती गोष्ट होती. मी बराच मागे, एका खांबाच्या आडोशाला लाकडी बाकावर बसलो होतो, तरी ओळीच्या शेवटी येणारा हलका ‘ट्’सुद्धा मला स्वच्छ ऐकू येत होता. स्वर सुंदर होता, पण खरी चकित करणारी गोष्ट होती ती शब्दांची.

याचे कारण मला पुढे वास्तूच्या इतिहासात सापडले. हे चॅपल इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे नव्हे, तर त्याच्या बाहेर राहिलेल्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळीचे. ही मंडळी १७९९ साली स्थापन झाली आणि सध्याची वास्तू १८७७ साली उघडली. या पंथात उपासनेचा गाभा म्हणजे वेदीवरचा विधी नव्हे, तर व्यासपीठावरून होणारे प्रवचन आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेली गीते. वास्तुविशारद जेम्स क्यूबिट यांच्यापुढे त्यामुळे एक सरळ व्यावहारिक प्रश्न होता: शेकडो माणसे बसली तरी प्रत्येकाला उपदेशक दिसला पाहिजे आणि ताण न देता ऐकू आला पाहिजे. लांबट सभागृह आणि दोन बाजूंना खांबांच्या ओळी, हा गॉथिक चर्चचा नेहमीचा आराखडा इथे निरुपयोगी होता. क्यूबिट यांनी बाहेरचे रूप गॉथिकच ठेवले, पण आत मोठा अष्टकोन आखला, त्याच्या कडेने सज्जे फिरवले आणि लोकांना व्यासपीठाभोवती गोळा केले. आज मैफलीला तिथे सुमारे ९०० माणसे बसतात. आकड्यावरून ही जागा ‘घरगुती’ म्हणवत नाही, आणि तरीही आत बसल्यावर गाणारा माणूस समोरच्या ओसरीवर असल्यासारखा वाटतो. जवळीक इथे जागा लहान असल्यामुळे आलेली नाही. ती श्रवणाच्या हिशेबातून आली आहे.

आणि लोकगीत हेही मुळात शब्दाचेच गाणे. वीस-पंचवीस कडव्यांच्या कथागीतात चाल तीच तीच फिरत राहते. पुढे सरकते ती गोष्ट. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत किंवा पोवाड्यात जे होते, तेच इथे होते. एक शब्द निसटला तर भाऊ कोणी मारला आणि घोडा कोणाचा होता, याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच उपदेशकासाठी बांधलेली जागा कथागीताला अशी चपखल बसते. मी तिथे मोठ्या ड्रम-संचासह वाजवणारा एक बँडही ऐकला आहे, आणि त्या रात्री माझी मूळची भीती अगदी खरी ठरली होती: तालाचा प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्याच्या अंगावर जाऊन पडत होता. फिडल, काँसर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी), बँजो आणि उघडा गळा, एवढ्यावरच ही वास्तू खूश असते.

यात थोडी गंमतही आहे. पबमध्ये म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांकडे चॅपलमधल्या सोवळ्या माणसांनी एके काळी नाके मुरडली होती. सेसिल शार्प यांनी १९०३ साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका माळ्याच्या तोंडून जुने गाणे ऐकले आणि पुढे अशी हजारो गाणी टिपून ठेवली. त्या माळ्याने म्हटले तसली गाणी आता थेट व्यासपीठासमोर म्हटली जातात. दारू मात्र अजूनही मुख्य सभागृहात नेता येत नाही. बार वेगळ्या दालनात आहे, आणि बाकांवर बसलेल्यांच्या हातात बहुधा चहाचे किंवा गरम चॉकलेटचे कप असतात. हिवाळ्यात ते कप पिण्याइतकेच हात शेकायलाही लागतात, कारण एवढी उंच जागा तापवणे सोपे काम नाही. लोक अंगातले कोट काढत नाहीत, आणि जुने जाणकार बसायला उशीही घेऊन येतात.

माझे मन सर्वांत जास्त गुंतते ते ध्रुपदाशी, म्हणजे गाण्याच्या पालुपदाशी. गायक दोन ओळी शिकवतो, पुढच्या कडव्यापासून सारे सभागृह त्या उचलते. आपल्या भजनातही टाळकरी ध्रुपद उचलतात, पण आपण सगळे एकाच स्वरावर जाऊन मिळतो. इथे तसे होत नाही. माझ्या शेजारच्या वयस्कर बाईंनी मूळ चालीच्या खालचा स्वर धरला, मागच्या बाकावरच्या कोणीतरी त्याहून खालचा, आणि न ठरवता तीन पदरी गाणे उभे राहिले. ही सवय कुठून आली असेल, याचा एक धागा याच वास्तूत आहे. येथील पाळक हेन्री अ‍ॅलन यांनी एकोणिसाव्या शतकात मंडळीला वेगवेगळ्या स्वरपंक्तींत गायला शिकवण्यासाठी गायनाचे वर्ग चालवले होते. गायकवृंदाने गायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

इथे मला नेहमी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते ज्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम करू लागले, तिचे मूळही काँग्रिगेशनल परंपरेतच होते. मंडळीने स्वतः गायचे हे तत्त्व त्यांनाही हवे होते. परंतु परदेशी चालींवर मराठी शब्द ओढूनताणून बसवण्याऐवजी त्यांनी अभंग, ओवी आणि भजनाचा मार्ग धरला. तीन पदरी गाणे मराठी गळ्याला जमले नसते असे मी म्हणणार नाही. पण टाळाच्या ठेक्यावर एका स्वरात मिळण्याचा आनंद त्यांनी नेमका ओळखला होता.

अर्थात रात्रीच्या तिकिटाच्या मैफली हा इथल्या गाण्याचा एक भाग झाला. ‘डेलाइट म्यूझिक’ नावाची शनिवार दुपारची मालिका २००९ पासून इथे रुजली: तीन छोटे कार्यक्रम, ऐपतीप्रमाणे वर्गणी, चहा आणि केक, मधेच बाकांखाली रांगणारी मुले. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात कधी कधी १८७७ सालचा, हेन्री विलिस यांनी घडवलेला ऑर्गन वाजतो. तो व्यासपीठामागच्या जाळीआड दडलेला असल्यामुळे वादक दिसतच नाही, आणि नवखी माणसे आवाज कुठून येतो म्हणून वर वर्तुळाकार रंगीत खिडकीकडे पाहू लागतात. तिथे देवदूत हातात वाद्ये घेऊन बसलेले असल्यामुळे त्यांची चूक क्षम्यच म्हणायची.

ही वास्तू १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली जाण्याच्या बेतात होती. मंडळी रोडावली होती आणि छपराचा खर्च पेलवत नव्हता. परिसरातल्या लोकांनी नेट धरला म्हणून ती वाचली, मैफली पुढे आल्या. रविवारची उपासना आजही होते आणि बेघरांसाठीचे केंद्रही याच आवारात चालते.

सज्जा खुला असेल तर मी हल्ली खाली बसत नाही. वर, उजव्या हाताला, कडेच्या बाकावर जागा धरतो. तिथून गाणाऱ्याचा चेहरा अर्धाच दिसतो, परंतु कडवे सुरू करण्याआधी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो.