न मागता छापणारा प्रिंटर

फेब्रुवारी २०२५. दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली आणि इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी ट्यूशनच्या मुलांसाठी सराव पेपर काढायचे होते. प्रिंटर सुरू केला. मी काही छापायला दिलंही नव्हतं, तोवर त्यानं एक पान बाहेर टाकलं. वर इंग्रजीत एकच ओळ: ‘पोस्ट’, तिरकी रेघ, ‘आयपीपी’, तिरकी रेघ, ‘प्रिंट’. बाकी पान जवळजवळ कोरं. मग दुसरं, तिसरं.

“अगं बंद कर ते, सगळे कागद संपवेल!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. बंद करून परत लावला, तरी तेच.

सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात नेला. “बोर्ड गया, दीदी.” पण त्याच्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला तर पठ्ठ्या गप्प, आणि पेपर दिल्यावर स्वच्छ छापला! “गरम होगा तब करेगा,” दुकानदार म्हणाला. मी प्रिंटर उचलला आणि घरी आले.

दोष लॅपटॉपकडे होता तर. विंडोजच्या अपडेटची यादी उघडली. आदल्याच रात्री एक अपडेट बसला होता. शोधल्यावर कळलं की काही प्रिंटर यूएसबीच्या एकाच तारेवर दोन भाषा बोलतात: नेहमीची यूएसबी प्रिंटिंगची आणि नेटवर्क प्रिंटरची आयपीपी. अपडेटनंतर सिस्टीम आयपीपीतला निरोप धाडायची आणि प्रिंटर तो निरोप मजकूर समजून छापायचा. बिचाऱ्यानं हुकूमच पाळला होता.

अपडेट काढून टाकला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, श्वास रोखून प्रिंटर लावला. शांत. पण अपडेट पुन्हा येऊन बसणार हे माहीत होतं, म्हणून पुढचे अपडेट पाच आठवडे थांबवले. त्याहून जास्त तेव्हा थांबवू देत नव्हते. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच गाठोड्यात येतात, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. तेवढे दिवस बँकेचं काम त्या लॅपटॉपवर केलं नाही.

मार्चच्या शेवटी दुरुस्तीचा अपडेट आला. तो आपोआप बसणाऱ्यांतला नव्हता, पर्यायी होता, म्हणून स्वतः क्लिक करून घेतला. आधी ट्रेमध्ये एकच कागद ठेवला, न जाणो! तो तसाच राहिला.

वाया गेलेली चौतीस पानं आईनं सुतळीत ओवून ठेवलीत. पाठीमागे किराण्याची यादी होते.