पाइप फुटल्यावर अमेरिकेतलं घर कसं वाळवतात

न्यू जर्सी, मिशिगन, शिकागोकडची मराठी मंडळी मुलांच्या नाताळच्या सुट्टीला जोडून भारतात येतात. म्हणजे ऐन कडाक्यात तिकडचं घर तीन-चार आठवडे कुलूपबंद, आणि गॅसचं बिल वाचवायला थर्मोस्टॅट खाली आणलेला. बाहेर पारा २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण उणे ७ सेल्सियसच्या खाली उतरला की बाहेरच्या भिंतीतून गेलेला पाण्याचा पाइप गोठायची भीती असते. गंमत म्हणजे बर्फ धरतो त्याच जागी तो फुटेल असं नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, बर्फाचा बोळा वाढत जातो, आणि बोळा व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढून पाइप तिथे चिरतो. थंडीत नळ बारीक सोडून ठेवा म्हणतात ते याचसाठी. वाट बोळ्याने अडवलेली असते तोवर फारसं गळत नाही. दोन दिवसांनी ऊन पडतं, बोळा वितळतो आणि अर्ध्या इंची पाइपातलं पाणी पूर्ण दाबाने भिंतीच्या आत सुटतं.

आपल्याकडे भिंतीला ओल आली की पोपडे खरवडायचे, एप्रिल-मेचं ऊन खाऊ द्यायचं आणि पुट्टी मारून रंग द्यायचा. तिथे हा हिशेब चालत नाही. बहुतेक घरांत भिंत म्हणजे १६-१६ इंचांवर उभे लाकडी दांडे, मधल्या साडेतीन इंची पोकळीत ऊब धरायला काचतंतूंच्या मऊ लाद्या आणि वर अर्ध्या इंचाची ड्रायवॉल, म्हणजे दोन जाड कागदांमध्ये दाबलेला जिप्सम. कागद आणि लाकूड हे बुरशीचं आवडतं खाद्य, आणि ती २४ ते ४८ तासांत धरू लागते. शिवाय ड्रायवॉल खालून पाणी वर ओढते. रंग हाताला कोरडा लागतो, आतल्या लाद्या मात्र भिजून खाली बसलेल्या असतात.

पाणी दिसलं की आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. तो बहुधा बेसमेंटमध्ये, रस्त्याकडच्या भिंतीला, मीटरशेजारी असतो. मग सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करायचे. वॉटर हीटर गॅसचा असेल तर ‘पायलट’वर (फक्त छोटी ज्योत पेटती राहील असा) आणायचा, विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर पाडायचा, टाकी रिकामी झाली आणि हीटर चालू राहिला तर आतली कॉइल जळते. बेसमेंटमध्ये पाणी साचलं असेल आणि विजेचं पॅनेलही तिथेच असेल, तर पाण्यात पाय घालायचा नाही. वीज कंपनीला फोन करून बाहेरून वीज तोडून घ्यायची. छताला पाण्याचा फुगा आला असेल तर खाली बादली ठेवून स्क्रूड्रायव्हरने बारीक भोक पाडावं. नाहीतर अख्खी शीट डोक्यावर येते.

त्यानंतर फोटो, आणि मगच आवराआवर. फुटलेल्या पाइपाचा तुकडा जपून ठेवायचा. गालिचा व त्याखालच्या स्पंजाचा हातभर तुकडाही ठेवायचा, कारण क्लेमचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणारा माणूस, दर्जा बघून किंमत लावतो. अचानक फुटलेल्या पाइपाचं नुकसान नेहमीची घराची पॉलिसी देते, पण घरात उष्णता ठेवली होती किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केले होते, अशी अट असते. तेव्हा थर्मोस्टॅटच्या अ‍ॅपमधली नोंद आणि गॅसचं बिल आधी काढून ठेवा. पाइपपर्यंत पोचायला भिंत फोडण्याचा खर्च साधारणपणे मिळतो, पाइप दुरुस्तीचा नाही. पहिला चेक घसारा कापून येतो, उरलेली रक्कम काम झाल्यावर, आणि चेकवर बऱ्याचदा कर्ज देणाऱ्या बँकेचंही नाव असतं. पुराचं प्रकरण वेगळंच. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत बेसमेंटं भरली, आणि ते पाणी नेहमीच्या पॉलिसीत येत नाही. सरकारी पूर विमा वेगळा घ्यावा लागतो, तो लागू व्हायला बहुधा ३० दिवस जातात, आणि बेसमेंटमधलं फर्निचर व गालिचा त्यातही बसत नाहीत.

वाळवणारी कंपनी आली की पाणी कुठलं हे ती आधी विचारते. नळाचं पाणी पहिल्या प्रकारात, वॉशिंग मशीनचं दुसऱ्यात, गटाराचं किंवा पुराचं तिसऱ्यात. तिसऱ्यात गालिचा, स्पंज, ड्रायवॉल सगळं बाहेर, वाद नाही. नळाचं पाणीही दोन-तीन दिवस साचलं की पहिल्या प्रकारातलं राहत नाही. सहीसाठी पुढे केलेला कागद मात्र नीट वाचा. विम्याचे हक्कच कंपनीच्या नावावर करणारं कलम त्यात असू शकतं.

इथे लोक हमखास चुकतात. पंखे लावले, हीटर लावला, दोन दिवसांत जमीन कोरडी, म्हणून कंपनीला परत पाठवलं. पंख्याने ओल फक्त हवेत जाते. ती हवेतून काढायला डिह्युमिडिफायर लागतो. तो नसेल तर तीच ओल वरच्या मजल्यावरच्या गार भिंतींवर आणि कपाटांत जाऊन बसते. भिंतीच्या दर १० ते १६ फूट लांबीला साधारण एक ब्लोअर, भिंतीशी तिरपा, आणि दारं-खिडक्या बंद. न्यू जर्सीच्या दमट जुलैत ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडकी उघडणं म्हणजे ओल आत बोलावणं. नळाच्या पाण्याचं काम बहुधा तीन ते पाच दिवसांत उरकतं. रोज दोन सुयांच्या मीटरने दांड्यांची ओल मोजून लिहायला लावा. लाकूड १६ टक्क्यांच्या खाली आणि घरातल्या कोरड्या दांड्याच्या आसपास येईपर्यंत यंत्रं हलवू द्यायची नाहीत. त्यांचा आवाज असह्य असतो आणि ती वीजही खातात, तरीही.

लाद्या भिजल्या असतील तर ड्रायवॉल कापावीच लागते. आधी बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, काढायचा, मग ओलीच्या रेषेच्या किमान फूटभर वर खडूने सरळ रेघ मारायची. बरेच जण २ फुटांवर कापतात, कारण ४ फुटी शीटच्या दोन सारख्या पट्ट्या निघतात. पातं अर्ध्या इंचापेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, मागे वायर आणि पाइप असतात. घर १९७८ पूर्वीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, जुन्या खडबडीत छतात अ‍ॅस्बेस्टॉस. कापण्याआधी तपासून घ्या. बुरशी १० चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर मास्क, हातमोजे घालून घरीच साफ करता येते. ड्रायवॉलवर ब्लीच मारून वर डाग झाकणारा प्रायमर लावू नका. ब्लीचमध्ये बहुतांश पाणीच असतं आणि ते कागदात मुरतं.

लग्नाचे अल्बम, जुने फोटो भिजले आणि लगेच वाळवायला वेळ नसेल तर स्वच्छ पाण्यातून काढून, मध्ये मेणकागद घालून, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, नंतर थोडे थोडे काढून वाळवता येतात. पैठणी प्लॅस्टिकमधून काढून सावलीत पसरावी, घडीच्या रेषेवर जरीची तार काळी पडते.

भिंत बंद करण्याआधी उघड्या दांड्यांचे फोटो मोजपट्टीसकट काढा, पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळतं. लाकडी जमीन कडेने उचलून मध्ये खोलगट झाली असेल तर लगेच घासून घेऊ नका. ओल पूर्ण जाण्याआधी घासली तर वाळल्यावर प्रत्येक फळी मधोमध फुगीर दिसते, आणि तेव्हा दुसऱ्यांदा घासायला वर लाकूडच उरलेलं नसतं. एक हिवाळा हीटिंगमध्ये जाऊ द्यावा, मीटर स्थिर दिसला की मग जमीनवाल्याला बोलवावं.