तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझवरचं ड्रिंक पॅकेज वसूल होतं का?

ड्रिंक पॅकेज म्हणजे रोजची ठरावीक रक्कम आधी भरायची आणि मग जहाजावर दर ग्लासाचे वेगळे पैसे न देता प्यायचं. डॅलसहून, न्यू जर्सीहून, हल्ली पुण्या-ठाण्याहूनही हाच प्रश्न येतो आणि सोबत अट असते: "फार खोलात नको, घेऊ की नको तेवढं सांगा." मी उलट विचारते, केबिनमध्ये कोण कोण आहे? समुद्रातले, म्हणजे कुठल्याच बंदराला न थांबता जाणारे दिवस किती? रोज प्यायला काय लागतं? की लगेच समोरच्याला वाटतं, ही उत्तर टाळतेय. मी टाळत नाही. हे तीन प्रश्न न विचारता जो 'घ्या' किंवा 'नका घेऊ' म्हणतो, तो तुमचे पैसे अंदाजावर लावतो. तेव्हा आता सगळं एकदाच नीट लिहिते.

आधी हिशेब, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. रॉयल कॅरिबियन ह्या क्रूझ कंपनीचं, मद्यासकटचं डीलक्स पॅकेज उदाहरणाला घेऊ. त्याला ठरावीक भाव नाही. जहाज, तारीख, मागणी यांप्रमाणे तो बदलतो, आणि एकाच सफरीचा भावही महिनाभरात वर-खाली होतो. आकडेमोडीसाठी माणशी रोजचे ८० डॉलर धरू. त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी (बिलात आपोआप लागणारी टिप), म्हणजे ९४.४० डॉलर. सात रात्रींचे ६६०.८० होतात, जोडप्याचे १,३२१.६०.

आता लोक काय करतात? ९४.४० ला मेन्यूतल्या १४ डॉलरच्या कॉकटेलने भागतात आणि "सात ग्लास लागतील, छे!" म्हणतात. नाहीतर ग्रॅच्युइटी विसरून ८० ला ग्लासच्या बिलातल्या १६.५२ ने भागतात आणि "पाचच तर लागतात" म्हणून खूश होतात. दोन्ही चूक. १८ टक्के पॅकेजवर लागतात तसेच सुट्या ग्लासवरही लागतात, त्यामुळे दोन्हीकडून काढून टाका. ८० भागिले १४, म्हणजे रोजची सहा कॉकटेल. साडेआठ डॉलरची बिअर पिणाऱ्याला नऊ-साडेनऊ बिअर. मधलं कुणी असेल, म्हणजे सकाळी पाच डॉलरची कॅपुचिनो, दिवसभरात साडेतीनवाल्या दोन पाण्याच्या बाटल्या, एक कोक, संध्याकाळी एक बिअर आणि जेवताना एक ग्लास वाइन, तर त्याची बेरीज चाळिशीच्या आतच राहते. ८० गाठायला अजून तीन कॉकटेल लागतात.

आणि हे रोज. बोटीवर चढता त्या दिवशी दुपार निम्मी गेलेली असते. बंदराचा दिवस असला की सकाळी आठला उतरून चार-पाचला परत येता, आणि मेक्सिकोतल्या कोझुमेलसारख्या बंदरात किनाऱ्यावर घेतलेल्या बिअरला पॅकेज लागू नसतं. कंपनीच्या स्वतःच्या बेटावर काहींचं चालतं, काहींचं नाही. ते बुक करण्याआधी बघा, बेटावर पोचल्यावर नाही. पैसे मात्र सगळ्या रात्रींचे मोजावे लागतात. "फक्त समुद्रातल्या दिवसांचं द्या" ही सोय सहसा मिळत नाही.

शिवाय वरची मर्यादा आहे. ह्या पॅकेजमध्ये ग्लासमागे १४ डॉलरपर्यंतचं पेय बसतं. १६ ची सिंगल माल्ट मागवलीत तर वरचे दोन डॉलर आणि त्यावरचे १८ टक्के, म्हणजे २.३६ तुमच्या खात्यावर पडतात. खोलीतला मिनीबार आणि वाइनची अख्खी बाटली ह्यात येत नाही. कार्निव्हल ह्या दुसऱ्या कंपनीच्या पॅकेजला २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे. ती ऐकून कुणी "बापरे, पंधरा!" म्हणून खूश झालं की मला काळजीच वाटते.

पण ह्या सगळ्याहून मोठा नियम एकच आहे आणि नेमका तो लोक शेवटी वाचतात. बहुतेक कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं, की पिण्याच्या वयातल्या बाकी सगळ्यांनीही ते घ्यायचं. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर हे वय २१ आहे. आपल्याकडे बहुसंख्य केबिनांमध्ये एकजण मद्य घेणारा आणि एकजण न घेणारा असतो. त्यामुळे पॅकेजचा प्रश्न माणशी नसतोच, तो केबिनचा असतो.

एका कुटुंबाचं सांगते, कारण त्यांचा सगळा हिशेब माझ्यासमोर आला होता. मायामीहून सात रात्री. मुलगा आणि सून एका केबिनमध्ये, त्याचे आई-बाबा शेजारच्या. मुलगा घेणारा, सून अजिबात नाही, बाबा संध्याकाळी एक बिअर, आई काही नाही. मुलाने पॅकेज निवडलं आणि सुनेचंही आपोआप कार्टमध्ये आलं. १,३२१.६० डॉलर भरले. सुनेने फोनमध्ये रोजची नोंद ठेवली होती, कोणतं पेय, मेन्यूत किती. त्याचे समुद्रातले तीन दिवस रोज सहा ग्लास, चढण्याचा आणि बंदरांचे मिळून चार दिवस रोज तीन. एकूण तीस, सरासरी साडेअकरा डॉलर, म्हणजे ३४५. कॉफी आणि पाण्याचे ७०. तिची नऊ मॉकटेल, सात कॉफ्या, चार ताजे रस, मिळून १४९. दोघांचे ५६४, ग्रॅच्युइटी धरून ६६५.५२. म्हणजे भरलेल्या पैशाच्या जेमतेम निम्मे. त्याच्या एकट्याचे बघितले तरी ४८९.७० होतात, ६६०.८० नाही. घेणाऱ्याचंसुद्धा वसूल झालं नव्हतं.

पैसे गेले ते गेले. मला जास्त लागलं ते वेगळं होतं. तिसऱ्या दिवसापासून तो तिला प्रत्येक बारपाशी म्हणत होता, "तू काहीतरी घे ना, फुकट जातंय." नऊपैकी निम्मी मॉकटेल तिला नको असताना घेतलेली होती. बिनदारूचा पिन्या कोलाडा म्हणजे नारळाचं गोड क्रीम आणि अननसाचा रस, त्यात भूक मरते आणि जेवण राहतं. बाबांची बिअर तर आणखी वेगळी गोष्ट झाली. ते शेजारच्या केबिनमधले, पॅकेज नसलेले. मुलगा पूलच्या बारवर दोन बिअर मागायला गेला. पॅकेजवर एका वेळी एकच पेय मिळतं, आणि कार्ड लावलं की बारटेंडरच्या पडद्यावर धारकाचा फोटो येतो. तरी त्याने स्वतःच्या नावावर एक घेतली आणि बाबांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा सुपरवायझर आला आणि सगळ्यांसमोर, अगदी सभ्य शब्दांत, सांगून गेला की पॅकेज दुसऱ्याला देता येत नाही, पुन्हा दिसलं तर परतावा न देता रद्द होईल. नियम कंपनीचा, तो लिहिलेला, सुपरवायझरचं काहीच चुकलं नाही. पण बाबांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि उरलेल्या सफरीत बिअर घेतली नाही. ती बिअर सुटी घेतली असती तर १०.०३ डॉलर पडले असते. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं भरलेल्या माणसाला दहा डॉलरसाठी चोरासारखं उभं राहावं लागलं. हे मला अजूनही सहन होत नाही. म्हणूनच, केबिनमध्ये कोण आहे, हे मी पहिलं विचारते.

त्या घरासाठी उत्तर सरळ होतं: कुणीच पॅकेज घ्यायचं नाही. केबिन बदलूनही फायदा नव्हता. बाप-लेक एकत्र ठेवले असते तर एका बिअरसाठी बाबांनाही पॅकेज घ्यावं लागलं असतं. ही युक्ती चालते ती दोन जोडप्यांत, जेव्हा दोघंही पुरुष पक्के घेणारे असतात आणि दोघीही नसतात. तेव्हा बुकिंगमध्ये त्या दोघांना एका केबिनवर टाकतात आणि चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसकडे (जहाजावरच्या मदत काउंटरवर) जाऊन दुसऱ्या केबिनची जादा चावी मागतात. दुसरी वाट म्हणजे फोन. गर्भारपण, औषधं, आजार अशा कारणांनी मद्य चालत नसेल तर रॉयल कॅरिबियन त्या व्यक्तीला स्वस्तातलं रिफ्रेशमेंट पॅकेज घेऊ देते. त्यात मॉकटेल, कॉफी, सोडा, पाणी येतं. वेबसाइटवर हा पर्याय सहसा दिसत नाही, बोलूनच मिळवावा लागतो.

पूर्वी मी सरसकट 'नको'च म्हणायचे. एकाने मला विचारलं, "सुट्टीतसुद्धा दर ग्लासाला मी मनात रुपये मोजत बसू का?" त्याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. १४ डॉलर म्हटलं की हजाराच्या वर आकडा जातो, आणि तो ऐकून आवडीचं काहीच न घेता आठवडा काढणारी माणसं आहेत. त्यांना आधीच पैसे भरून मोकळं होणं खरंच सुखाचं वाटतं, आणि ते सुख माझ्या भागाकारात धरलेलं नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. पैसे भरलेत म्हणून सहावा ग्लास घेणारा माणूस मोकळा झालेला नसतो. रोजची सहा कॉकटेल ही साठीतल्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसासाठी सुट्टीतलीही मात्रा नव्हे. ह्या दोन म्हणण्यांत मी अजून अडकलेली आहे.

कोणाला खरंच परवडतं, तेही सांगते. केबिनमधले दोघंही घेणारे. समुद्रातले दिवस जास्त, जसं अटलांटिक ओलांडणारी सफर. रोज चार-पाच ग्लास आणि वर दोन कॉफ्या, पाणी, रस. आणि भाव उतरला असताना आधीच घेणारे. बोटीवर चढल्यावर भाव सहसा चढाच असतो. तेव्हा आधी बुक करून ठेवा, भाव आणखी खाली आला तर रद्द करून पुन्हा घ्या. निघण्याच्या काही दिवस आधी ही खिडकी बंद होते, ती तारीख लिहून ठेवा.

आता 'फ्री'वाले. नॉर्वेजियनसारख्या कंपन्या भाड्यासोबत पेयं मोफत म्हणतात, पण पॅकेजच्या यादीतल्या किमतीवर २० टक्के ग्रॅच्युइटी घेतात. किंमत १०० डॉलर धरली तर रोजचे २०, सात रात्रींचे माणशी १४०. न पिणाऱ्या दोघांना हे २८० डॉलर निष्कारण. प्रिन्सेस कंपनीच्या प्लस पॅकेजचं गणित वेगळं आहे. त्यात वाय-फाय आणि कर्मचाऱ्यांची रोजची ग्रॅच्युइटीही येते. ह्या दोन गोष्टी तुम्ही नाहीतरी घेणार असाल तर त्यांची किंमत आधी वजा करा. उरलेली रक्कम हा पेयांचा खरा भाव, आणि तो कित्येकदा दोन-तीन ग्लासांत भरून निघतो. सरसकट 'नको' म्हणणं सोडलं ते ह्यासारख्या पॅकेजमुळेच.

जुन्या प्रवाशांनी तर पॅकेजकडे वळण्याआधी आधीच्या सफरींवर कंपनीकडून मिळालेले स्वतःचे पॉइंट बघावेत. रॉयल कॅरिबियनमध्ये ८० पॉइंट झाले की तुम्ही डायमंड श्रेणीत जाता, साध्या केबिनला रात्रीमागे एक पॉइंट मिळतो, आणि डायमंडला रोज चार पेयं मोफत मिळतात. रोज दोन-तीन ग्लास घेणाऱ्याला त्यावर पॅकेज कशाला?

फुकट काय असतं ते विसरू नका: पाणी, बर्फ, बुफेमधला चहा-कॉफी, लेमोनेड, नाश्त्याचे रस. जहाजावरचं नळाचं पाणी शुद्ध केलेलं असतं, आपली बाटली न्या आणि बुफेच्या नळावर भरा. बाटलीबंदच हवं असेल तर खोलीत पूर्ण खोकं मागवलेलं स्वस्त पडतं. चहा म्हणजे गरम पाणी आणि पुडी, आपल्या आई-बाबांना तो चहा वाटत नाही. इन्स्टंट मसाला चहाच्या पुड्या सोबत घ्या. इलेक्ट्रिक किटली मात्र बॅगेत टाकू नका, ती काढून घेतात. रॉयल कॅरिबियनवर वाइनची ७५० मिलिची एक बाटली पिण्याच्या वयातल्या प्रत्येकाला चढण्याच्या दिवशी नेता येते, हातातल्या सामानात. बाटलीत पाच ग्लास निघतात. केबिनमध्ये प्यायलात तर काही नाही, डायनिंगमध्ये उघडलीत तर १५ डॉलर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली तिथे पिण्याचं शुल्क.

सुटं घेणार असाल तर पावती नीट बघा. १८ टक्के आधीच लावलेले असतात आणि खाली जादा टिपसाठी रिकामी ओळ असते. कित्येकजण तिथे सवयीने पुन्हा १५-२० टक्के लिहितात. मनापासून द्यायची असेल तर जरूर द्या, पण आधी दिलेली आहे हे माहीत असू द्या.

सिंगापूरच्या दोन-तीन रात्रींच्या सफरींबद्दल टूरवाले विचारतात. तीन रात्री म्हणजे हाताशी पूर्ण दिवस दोनच, आणि शेवटच्या सकाळी नाश्ता करून उतरायचं. तिथे मद्याचं पॅकेज जवळपास कधीच वसूल होत नाही. खातं परकीय चलनात असतं आणि भारतीय कार्डाचा ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं जादा शुल्क) असेल तर त्यावरच्या जीएसटीसकट तो ४.१३ होतो. सुट्या ग्लासच्या हिशेबात तो धरा, पॅकेजच्याही धरा. बँकेनुसार मार्कअप कमी-जास्त असतो, निघण्याआधी विचारून घ्या. मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझने गोव्याला जाणाऱ्यांनीही चढण्याआधी रुपयांत हाच भागाकार करावा.

राहिलं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बुकिंगसोबत जहाजावर खर्चायला मिळालेली रक्कम. ते परत मिळणारं आहे की न मिळणारं, हे बुकिंगच्या कागदावर असतं. न मिळणारं असेल तर त्यातूनच पेयं घ्या, मग पॅकेजचा विचार बहुधा उरतच नाही. उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी खातं उघडून एकेक ओळ तपासा आणि चुकीचं काही दिसलं तर तेव्हाच गेस्ट सर्व्हिसेसकडे जा. शेवटच्या सकाळी तिथे लांबच लांब रांग असते आणि बॅगा आधीच खाली गेलेल्या असतात.