सात नंबरची फ्रेम

१२ एप्रिल

जहाजाच्या लाकडी मॉडेलचं खोकं आलं तेव्हा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा, चालू होता. म्हणजे तीन महिने झाले, आणि जहाजाचा नुसता सांगाडा उभा आहे. तोही वाकडा.

एचएमएस त्रिंकोमाली, ब्रिटिश आरमाराची युद्धनौका. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेली. आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे, अजून तरंगते. माझी १:८० ची, म्हणजे खरीच्या ऐंशीव्या हिश्शाएवढी, कपाटावर मावेल अशी. "सोलापुरात बसून जहाज कशाला?" हा प्रश्न घरात विचारून झालाय. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, आणि नळाला येतं ते चार दिवसांआड.

सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी सहा-सहा लाकडी पट्ट्या लावून झाल्या होत्या. रात्री टेबललॅम्प आडवा धरून सहज बघितलं, तर मध्यावर सावली पडली. बोट फिरवलं. सात नंबरच्या फ्रेमपाशी, म्हणजे सांगाड्याच्या सातव्या फासळीपाशी, खळगा. पट्टी काढून मोजलं तर फ्रेमची कडाच दोन मिलिमीटर आत कापलेली, दोन्ही अंगांनी. दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटतं. पण ऐंशीने गुणा. खऱ्या जहाजाच्या पोटाला सोळा सेंटिमीटरची खोक.

मशीनने कापलेल्या वस्तूवर आपण का विश्वास ठेवतो कोण जाणे. सुताराने कापली असती तर मी आधी मोजून घेतली असती.

१५ एप्रिल

नकाशाचे तीन कागद असायला हवेत, दोनच आहेत. डोलकाठ्या आणि दोरखंडाचा तिसरा गायब. कंपनीला मेल केला होता, फ्रेमचे फोटो जोडून. आज उत्तर आलं: माहितीपत्रकातल्या क्रमाने जोडावे. माहितीपत्रकात सहानंतर थेट आठ नंबर आहे!

मेल दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला.

१९ एप्रिल

झोप येईना म्हणून त्रिंकोमालीबद्दल पुन्हा वाचत बसलो. तिचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला पाठवले होते जावा नावाच्या जहाजातून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावाला गाठून निकामी केलं. नकाशे गेले. पुन्हा दुसरे पाठवावे लागले, आणि कामाला सुरुवात व्हायला १८१६ उजाडलं. कण्यात चांदीचा खिळा ठोकून मुहूर्त केला म्हणे.

म्हणजे कागद न मिळण्याची या जहाजाला जुनी खोड आहे. जमशेटजींनी वाट बघितली. मी मात्र कागद नसताना घाईघाईने पट्ट्या चिकटवत सुटलो.

२७ एप्रिल

बेचाळीस डिग्री. पट्टी वाकवायची तर आधी अर्धा तास पाण्यात भिजवावी लागते, मग नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर हळूहळू बसवून टाचण्यांनी धरायची. पण या उन्हात ती बसते न बसते तोच सुकते, आणि टाचणीच्या भोकापासून उभी चिरते. टक् असा बारीक आवाज येतो. आज तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी मी जे बोललो ते स्वयंपाकघरात ऐकू गेलं. तिथून शेंगा कुटायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मोजून दिलेल्या पट्ट्यांतल्या आता अकराच चांगल्या उरल्यात.

४ मे

शेजारचे अण्णा आले. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. "काय करायलाव हे?" म्हणाले. मी फ्रेमचं सगळं रडगाणं ऐकवलं. त्यांनी सांगाडा उचलला, एक डोळा मिटून नाळेकडून मागच्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "फ्रेम राहू द्या ओ. कण्यालाच पीळ आलाय की."

गुण्या लावून बघितला. खरंच. पुढच्या फ्रेमा डावीकडे, मागच्या उजवीकडे झुकलेल्या.

कंपनीला आणखी एक मेल लिहायला बसलो आणि अर्ध्यावर थांबलो. प्लायवुडचा तो कणा मार्चभर कूलरशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. मीच. रात्री ओलावा, दुपारी भट्टी. फ्रेम त्यांची चूक, पीळ माझा. आणि जोडण्याआधी एकदा गोंद न लावता सगळं बसवून बघायचं, हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे. ते पान मात्र गायब झालेलं नाही.

१० मे

सगळ्या पट्ट्या काढल्या. गरम पाण्यात भिजवलेली फडकी जोडावर दाबून ठेवली की पांढरा गोंद मऊ पडतो, मग जुन्या ब्लेडने अलगद उचलायचं. बारापैकी सात धड निघाल्या. फ्रेमा एकेक करून सोडवल्या. कणा ओला करून दोन फरशांच्या मध्ये दाबलाय, वर इडलीपात्र आणि डाळीचा डबा. घरातून यावर काही बोललं गेलेलं नाही, ते मला जास्त खटकतंय.

१८ मे

कणा बराचसा सरळ झालाय. अगदी टोकाला अजून किंचित आहे, तो मला दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. अण्णांना दिसेल.

सात नंबरच्या कडेला दोन मिलिमीटरची भर लावायला हवी होती. खोक्यातलं लाकूड फार मऊ, पॉलिश पेपर फिरवला की उरत नाही. अण्णा लूमवरचा मोडका धोटा घेऊन आले, टोकाचं लोखंड काढलेला. लाकूड असं कडक की बारीक करवतीचं पातं गेलं, दोन पट्ट्या काढायला दुपार गेली. चिकटवून, घासून, त्यावरून एक सुटी पट्टी आडवी धरून बघितली. सहा, सात, आठ, तिन्हींना टेकते.

गोंद वाळू दिलाय. उद्या पाणी यायचा दिवस आहे, पट्ट्या भिजवायला परात आत्ताच मागून ठेवली.