रोख पैसे चालतात का?
आज शेअरिंगची, म्हणजे थोड्या वेळासाठी भाड्याने मिळणारी, सायकल घ्यायला स्टँडवर गेले. ॲप उघडलं, कुलूप निघालं. शेजारी उभ्या काकांनी विचारलं, "रोख पैसे चालतात का गं?" नाही चालत. स्मार्टफोनही नव्हता त्यांच्याकडे.

दिवसभर तेच डोक्यात आहे. माझ्यासाठी सायकल म्हणजे आवड, व्यायाम. पाऊस आला की मी गाडी काढते. कमी कमाईच्या घरात तीच कामावर जायचं साधन असते, ती चोरीला गेली की रोजी बुडते. या सेवेची खरी गरज त्यांनाच. आणि स्टँड बहुतेकदा कुठे? ऑफिसं, महागड्या वस्त्यांजवळ.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात २०१५ साली 'इंडेगो' ही अशीच सायकल सेवा सुरू झाली ती रोख पैसे भरायची सोय ठेवूनच. म्हणजे जमतं की!

काका चालतच गेले. फार वाईट वाटलं.