अकरा वर्षांची गाडी आणि ७१,८५० रुपयांचं एस्टिमेट

एप्रिलचा तिसरा आठवडा, दुपारचे साडेतीन, पारा ४४ला टेकलेला. बुटीबोरीहून घरी येताना चिंचभवनजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले आणि एसीतून गरम वारा यायला लागला. गाडी जरा पुढे सरकली की वारा थंड व्हायचा, थांबली की पुन्हा भट्टी. थोड्याच वेळात टेम्परेचरचा काटा मधल्या रेषेच्या वर चढलेला दिसला. मी एसी बंद करून काचा खाली केल्या आणि नागपूरच्या उन्हाळ्यात जे कोणीच करू नये ते केलं: इंजिन थंड व्हावं म्हणून हीटर चालू केला. घरी पोचले तेव्हा ओढणी पिळून काढावी इतकी भिजली होती.

गाडी डिसेंबर २०१४ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. वाढवून घेतलेली वॉरंटीसुद्धा केव्हाच संपलेली. मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये आहे. घर डागा लेआउटला, त्यामुळे जाऊन-येऊन रोजचे साठेक किलोमीटर होतात. गाडीशिवाय दोन दिवसही निघत नाहीत.

सर्व्हिस सेंटरने संध्याकाळी एस्टिमेट पाठवलं, ७१,८५० रुपयांचं. एसी कॉम्प्रेसर २४,६००. डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल १३,९००. रेडिएटर फॅन ६,४५०. क्लच सेट १०,८००. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे लोअर आर्म ७,३००. इंजिन माउंटिंग ३,६००. आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग वगैरे मिळून ५,२००. सोबत अ‍ॅडव्हायझरचा फोन: "मॅडम, एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजचं बघा ना. आजच्या आज व्हॅल्युएशन करून देतो."

खरं सांगते, त्या रात्री मी नवी गाडी जवळजवळ बुक केली होती. नवऱ्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, "यातलं नेमकं काय बिघडलंय, हे तुला माहीत आहे का?" माहीत नव्हतं. लॅबमध्ये मी एका सॅम्पलवर बॅच रिजेक्ट करत नाही, दुसरं सॅम्पल काढायला लावते. इथे मात्र एका कागदावर आठ लाखांचा निर्णय घ्यायला निघाले होते.

शनिवारी गाडी नंदनवनला नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे भाऊच म्हणतात. त्यांना मी आधीच सांगितलं, आज दुरुस्ती करायची नाही, फक्त तपासायचं. तपासायचे पैसे वेगळे देईन. त्याने फरक पडला. काम मिळवायची घाई नसली की माणूस सावकाश बघतो.

थांबल्यावर गरम आणि चालताना थंड, हे ऐकूनच त्यांनी बॉनेट उघडलं आणि फॅनकडे बोट दाखवलं. एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. गाडी धावत असली की समोरचा वारा दोघांनाही थंड करतो, उभी राहिली की सगळा भार फॅनवर. आमचा फॅन फिरत होता, पण मोटर थकलेली, हवाच ओढत नव्हती. म्हणजे एसी आणि काटा, दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. पण एसीचा गॅसही थोडा कमी निघाला. मग त्यांनी पिवळा चष्मा लावून निळ्या प्रकाशाचा टॉर्च डॅशबोर्डखालच्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी धरला. मागच्या वर्षी गळती सापडावी म्हणून गॅससोबत रंग सोडला होता, त्याचा पोपटी थेंब तिथे चमकत होता. कूलिंग कॉइल खरंच गळत होती. कॉम्प्रेसर मात्र ठणठणीत. गेजवर दोन्ही बाजूंचं प्रेशर त्यांनी मला दाखवलं.

क्लचसाठी मला शेजारी बसवून पुलाच्या चढावर नेलं. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला पाय दाबला. आवाज वाढला तशी गाडीही ओढत गेली. क्लच घसरत असता तर नुसता आवाज चढला असता, वेग नाही. "हा क्लच अजून वीस हजार किलोमीटर तरी कुठं जात नाही, ताई. बदलायचा कायले?" मग स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं: १७५, १७०, १७२, १७०. चारही सिलिंडर जवळपास सारखे, ही आकड्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट.

माझी खरी भीती वेगळी होती. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरलं, तेव्हा ही गाडी सीटच्या खालपर्यंत पाण्यात होती. आम्ही स्टार्टर मारला नाही, गाडी टो करून नेली, म्हणून इंजिन वाचलं. पण पाणी गेलं तरी गंज मागे राहतो. भाऊंनी गाडी लिफ्टवर घेतली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत ठोकत पुढून मागे गेले. टण, टण, टण. ड्रायव्हरच्या सीटखाली एके ठिकाणी आवाज बोदा आला. मॅट उचललं तर रुपयाएवढा गंजाचा डाग, आरपार नाही. शेजारच्या कनेक्टरच्या दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यांनी त्या घासून, ग्रीस लावून परत बसवल्या. "शेल, म्हंजे गाडीचा सांगाडा, मजबूत हाय. शेल गेलं असतं न, तर मीच म्हटलं असतं का इकून टाका."

एक गोष्ट सर्व्हिस सेंटरच्या बाजूने सांगायलाच हवी. लोअर आर्मचे रबरी बुश खरंच फाटले होते आणि पुढचे टायर आतल्या बाजूने झिजले होते. हिवाळ्यात हेच मी भाऊंना विचारलं होतं तेव्हा ते "चालून जाते" म्हणाले होते. या वेळी त्यांनी स्वतः चूक कबूल केली.

शेवटी काम झालं ते असं: कूलिंग कॉइल गॅससकट ९,८००, फॅन ५,२००, लोअर आर्म ५,९००, माउंटिंग २,८००, आणि पेट्रोलचा रबरी पाइप ७००. पाइप एस्टिमेटमध्ये नव्हता, पण आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१४चं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. एकूण २४,४००. कॉम्प्रेसर आणि क्लच तसेच राहिले.

या २४,४०० रुपयांनी मला पाच महिने मिळाले. गाडी बंद पडलेली असताना घेतलेला निर्णय आणि गाडी दारात धड उभी असताना घेतलेला निर्णय, यात फार अंतर असतं. उन्हाळाभर मी शांतपणे हिशेब केला. बिलांची फाइल होतीच. पाच वर्षांची दुरुस्ती, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, पुरानंतरची सफाई धरून ८६,१०० रुपये. म्हणजे वर्षाला १७,२२०. नव्या गाडीसाठी सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं धरलं तर हप्ता १२,४५५ आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजार. नुसतं व्याजच वर्षाला २९ हजारांवर. जुन्या गाडीचा सगळा खर्च त्यात भागून वर बारा हजार उरतात. रजिस्ट्रेशन डिसेंबर २०२९पर्यंत होतं. पैशाच्या बाजूने प्रश्नच उरला नव्हता. गाडी ठेवायची.

जुलैमध्ये जामठ्याजवळ संध्याकाळी पाऊस पडून गेलेला. शेजारी लेक बसलेली, तिला कॉलेजमधून घेतलं होतं. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. मीही मारला. चाकं जाम झाली आणि गाडी सरळ घसरत गेली. स्टिअरिंग फिरवलं तरी वळेना. ट्रकच्या मागच्या लोखंडी पट्टीपासून हातभर अंतरावर थांबली. पट्टीवरचा लाल-पांढरा रिफ्लेक्टर बॉनेटच्या इतका जवळ होता की त्यावरची माती दिसत होती. लेकीने माझा हात धरला होता, ते मला घरी आल्यावर लक्षात आलं.

सोमवारी भाऊंकडे गेले, ब्रेक बघा म्हणून. त्यांनी चारही चाकं उघडली. "ब्रेक एकदम चांगले हायेत, ताई. चाक लॉक झाले म्हणजेच ब्रेक चांगले हायेत. तुमच्या गाडीत एबीएस नाही न पण. आन् ते मी बसवून देऊ शकत नाही." एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. एअरबॅगही नाहीत. २०१४ साली मधलं मॉडेल घेताना आम्ही त्या सोडून म्युझिक सिस्टिम घेतली होती. तेव्हा त्या सक्तीच्या नव्हत्या. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग २०१९पासून, शेजारच्या सीटची त्यानंतर.

माझ्या वहीत हा रकानाच नव्हता. ७१,८५० रुपयांच्या कागदावरही नव्हता. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे का, याचं उत्तर हो होतं. या गाडीने रोज ट्रकच्या गर्दीत साठ किलोमीटर जायचं का, पुढच्या वर्षी लेकीने लायसन काढल्यावर हीच गाडी चालवायची का, या प्रश्नाचं उत्तर नाही होतं. पहिल्या प्रश्नाचा हिशेब मी तीन महिने करत बसले आणि दुसरा विचारलाच नाही, याची मला आजही टोचणी आहे.

त्यानंतर नवी गाडी घ्यायची हे ठरलं, घाई मात्र नव्हती. ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्क्यांवरून १८वर आला. एप्रिलमध्ये मी जी गाडी आठ लाखांना घेणार होते, ती ७ लाख ३२ हजारांवर आली. त्यावर ११ टक्के रोड टॅक्स. दसऱ्याला गाडी हवी म्हणून शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या दिवसांत दीक्षाभूमीकडचे रस्तेही भरलेले, म्हणून आम्ही डिलिव्हरी दसऱ्यानंतर घेतली. एकाच गोष्टीवर अडून राहिले: सहा एअरबॅग. त्यासाठी सनरूफचं मॉडेल सोडलं.

विम्याबद्दल एक. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पुराच्या वेळी आम्ही क्लेम घेतला नव्हता, त्यामुळे माझा बोनस ५० टक्के होता. कोटेशनमध्ये तो धरलाच नव्हता. जुन्या कंपनीकडून बोनसचं पत्र आणल्यावर विमा जवळपास नऊ हजारांनी उतरला.

जुनी गाडी शोरूम १ लाख ३५ हजारांना घेत होतं. तेवढ्यालाच ती काटोलच्या माझ्या मोठ्या भावाने मागितली. त्याचं घर ते संत्र्याची वाडी अंतर चार किलोमीटर, रस्ता असा की चाळीसच्या वर काटा जातच नाही. एक्स्चेंज बोनस गेला, पण ही गाडी कोणी अनोळखी माणूस हायवेवर पळवणार नाही, हे मला जास्त मोलाचं वाटलं. दादाला स्पष्ट सांगितलं, आईला घेऊन नागपूरला यायचं तर एसटीने ये, यातून नाही. त्याने मान्य केलं.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर कागदात. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट मी ८७९ रुपयांत आधीच बसवून घेतली होती, नाहीतर नावावर करायचं काम पुढे सरकलंच नसतं. पण आरसी बुक बघितलं तर त्यावर अजून बँकेचं नाव! कर्ज २०१९मध्ये फिटलेलं. तेव्हा बँकेने दिलेली एनओसी (ना-हरकत पत्र) मी फाइलला लावून ठेवली आणि आरटीओत जाऊन बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवलाच नाही. ती एनओसी तीन महिनेच चालते. नव्या एनओसीसाठी बँकेत चार फेऱ्या झाल्या, कारण खातं बंद झाल्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी दिसतच नव्हते. मग फॉर्म ३५ भरून बोजा उतरवला, त्यानंतर गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. तीन आठवडे. तुमचं कर्ज फिटलं असेल तर आज आरसी काढून बघाच.

गाडी न्यायला दादा रविवारी सकाळी आला. किल्ल्यांसोबत बिलांची फाइलही त्याला दिली. शेवटच्या पानावर भाऊंच्या हातची एक ओळ होती: "कूलंट नोव्हेंबरात बदलणे." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादाने काटोलहून बिलाचा फोटो पाठवला, कूलंट बदललं. फोटोत बिल बॉनेटवर ठेवलं होतं, ते उडू नये म्हणून वर एक संत्रं.